स्कुबाच्या दुकानाचा हिशेब: ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले पंधरा दिवस नागपुरातल्या ट्रेकिंगच्या आणि पोहण्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. स्कुबाचं, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जाण्याचं, सामान विकणारे निम्म्याहून जास्त नफा खातात, हवा फुकट असूनही सिलिंडर भरायचे पैसे घेतात, सर्व्हिसिंगच्या नावाखाली लुटतात, आणि समुद्र नसलेल्या शहरात असं दुकान हवंच कशाला, सगळं ऑनलाइन घ्या, असं त्यात लिहिलंय. माझ्याच चार गिऱ्हाइकांनी तो मला पाठवला. धरमपेठेतल्या एका गल्लीत माझं असंच दुकान आहे, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं.

आधी नफा. जीएसटी बाजूला ठेवला तर पाण्याखाली डोळ्या-नाकावर लावायचा, 3,000 ला विकला जाणारा मास्क मला 1,950 ला पडतो. शंभरातले पस्तीस माझ्याकडे राहतात. निम्म्याहून जास्त नाहीत, पण पस्तीसही लहान आकडा नाही, हे मान्य. आता पुढचं गणित. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, पण माझ्या वहीपासून फार लांब नाहीत. समजा दुकानात 12 लाखांचा माल आहे आणि तो वर्षातून एकदा फिरतो. विक्री झाली साडेअठरा लाखांच्या आसपास, हातात उरले साधारण 6 लाख 46 हजार. त्यातून गाळ्याचं भाडं महिना 20 हजार, म्हणजे 2 लाख 40 हजार गेले. एका पोराचा पगार 1 लाख 80 हजार. वीज 72 हजार. मालात अडकलेल्या पैशावर 12 टक्क्यांनी व्याज 1 लाख 44 हजार. उरले वर्षाचे 10 हजार, आणि त्यात माझी मजुरी धरलेलीच नाही.

किराण्याचा माल पंधरा दिवसांत निघतो, माझा वर्षभर बसतो. एकाच वेटसूटचे (पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) पुरुषांचे पाच साइज, बायकांचे पाच, मुलांचे वेगळे. त्यातला नेमका मधला साइज संपतो आणि कडेचे दोन वर्षं लटकत राहतात. गिऱ्हाईक येतं ते दिवाळीच्या आधी, नाताळच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी. पावसाळ्यात कोकणातलं डायव्हिंग बंद, तेव्हा दुकानही थंड. वीज 72 हजार वाचून कोणी म्हणेल, कूलर लाव ना भाऊ. पहिल्या वर्षी लावला होता. मे महिन्यात बाहेर 45 अंश, आत कूलरची ओली हवा. जूनपर्यंत सहा वेटसूटांच्या अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके. आणि थंडावाच नसेल तर उष्णतेने रबर कडक होतं, चिकटवलेले जोड सुटतात. तेव्हापासून एसी आहे.

हवा फुकट असते, बरोबर. पण 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारने, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण 200 पट दाबाने, 2,200 लिटर हवा दाबून बसवायची असते. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरचं ते कामच नाही. हवेतला ओलावा आणि तेलाचा अंश काढायला फिल्टर लागतात, ते ठरावीक तासांनी बदलावे लागतात. शेजारच्या जनरेटरचा धूर नळीत गेला तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये जातो. त्याला ना वास, ना रंग. उच्च दाबाचे सिलिंडर आणि त्यात वायू भरणं यावर गॅस सिलिंडर नियम 2016 लागू आहेत, आणि ते बघणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या खात्याचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे. सिलिंडरची वेळोवेळी तपासणी करावी लागते, तो खर्चही त्याच भरणावळीतून निघतो. जाता जाता सांगतो, पुष्कळ जण येऊन ‘ऑक्सिजन भरून द्या’ म्हणतात. आम्ही साधी हवा भरतो. शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली विषासारखा असतो.

समुद्र नाही, हे तर उघडच आहे. पण म्हणूनच इथे दुकान लागतं. मालवणात किंवा अंदमानात मास्कमध्ये पाणी शिरायला लागलं तर माणूस शेजारच्या दुकानात जाईल. इथून जाणाऱ्याने सुट्टी, तिकीट, हॉटेल सगळं आधीच भरलेलं असतं. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली जाऊन बघायचं असेल तर माझ्याकडून काहीच घेऊ नका, तिथे सगळं मिळतं. पण चष्मा असेल तर थांबा. मागच्या महिन्यात एक शाळेतल्या बाई आल्या, दोन्ही डोळ्यांना उणे चारचा नंबर. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हळूच श्वास आत ओढायचा. हात सोडूनही टिकला तर तो तुमचा. तीन पडले, चौथा टिकला. मग त्यात नंबरच्या काचा बसवल्या. पायात घालायचे वल्ह्यासारखे फिन, जाळीची पिशवी, बूट खुशाल ऑनलाइन घ्या, मीच सांगतो. मास्क आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करून ती तोंडात देणारं यंत्र) मात्र तसे घेऊ नका.

राहिलं सर्व्हिसिंग, आणि याच मुद्द्यावर मला त्या मेसेजचा खरा राग आहे, कारण तो वाचून कोणी सर्व्हिसिंग टाळलं तर जिवावर बेतू शकतं. परवा एका मुलाने ऑनलाइन घेतलेला जुना रेग्युलेटर आणला. “काका, चालून राहिला मस्त, फक्त पुसून द्या.” मी सिलिंडरला लावला आणि मधला दाब, म्हणजे सिलिंडरचा दाब पहिल्या टप्प्यात जिथवर उतरतो तो, मोजणारा गेज जोडला. सुई साडेनऊ बारला थांबायला हवी होती. दहा झाली, साडेदहा, अकरा, आणि चढतच राहिली. आतली सीट झिजली होती, हवा पूर्ण बंद होत नव्हती. दुकानात तो नुसता फुसफुसेल. पण 15 मीटरवर सतत हवा सोडायला लागला तर सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. मुलगा गेजकडे बघत गप्प उभा होता.

सीट लहानशी असते, पण त्या मॉडेलचीच लागते आणि सगळ्या ओ-रिंगसकट (रबरी कड्या) किटमध्येच येते. बसवायला दीड तास, मग दाब पुन्हा जुळवायचा, एक दिवस तसाच ठेवून परत बघायचा. त्याचं किट मागवलंय. रेग्युलेटर माझ्या टेबलावर लाल चिठ्ठी बांधून ठेवलाय, आणि अंदमानचं विमान 14 तारखेचं असलं तरी सुई साडेनऊवर थांबल्याशिवाय तो मी त्याच्या हातात देणार नाही.