ताज्या अंड्यांचा ताठा

मुलाने जूनमध्ये जिम लावली. पहिल्या महिन्यात प्रोटीन पावडरचा बादलीएवढा डबा आला. तो संपल्यावर नव्या डब्याची किंमत बघून त्याच्या बाबांनी निकाल दिला, "त्यापेक्षा रोज सहा अंडी खा." निकाल त्यांनी दिला, अंडी मुलगा खाणार, मधलं काय ते माझ्याकडे आलं. मधलं म्हणजे सोलणं.

पुरणपोळी फुटली तर आपल्याकडे चार बायका सल्ला द्यायला धावून येतात. कणीक सैल झाली असेल, पुरण ओलं राहिलं असेल. पण अंडी सोलता येत नाहीत म्हटलं की "अगं, त्यात काय येण्यासारखं आहे?" यापलीकडे कोणी काही बोलत नाही. म्हणून महिनाभर मीही कोणाला बोलले नाही. सकाळी पावणेसातला बेसिनपाशी उभी राहायचे, अंडं ओट्यावर हलकेच आपटायचे आणि नखाने सुरुवात करायचे. टरफलाचा मुगाएवढा तुकडा निघायचा आणि त्याला चिकटून पांढऱ्याचा बोटभर लचका. दुसरा तुकडा, दुसरा लचका. तिसऱ्याला आतला पिवळा बलक डोकावायचा. मध्ये तो पातळ पापुद्रा. तो टरफलाबरोबर जायला तयार नसतो आणि अंड्याला सोडायलाही तयार नसतो. सहाव्या अंड्यापर्यंत ताटलीत उंदराने कुरतडलेली खोडरबरं पडलेली असायची. मुलगा एकदा शांतपणे म्हणाला, "आई, प्रोटीन सगळं टरफलाला जातंय. त्याची बॉडी होईल."

लाज याची जास्त की मी हे लहानपणी रोज डोळ्यांसमोर, म्हणजे रोज नाही, पण बघितलेलं आहे. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या. मी काडीपैलवान, म्हणून डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलेलं. आजीचं सोवळं इतकं कडक, की घरात "अंडं" हा शब्दही उच्चारायची सोय नव्हती. बाबा "औषध" म्हणायचे. आजी आळंदीला गेली की ते औषध निघायचं. रोज एक हा हिशोब आमच्याकडे महिन्यातून एकदा चार असा बसवलेला होता. मागच्या गॅलरीत वातीचा स्टोव्ह, त्यावर कान तुटलेलं जर्मनचं पातेलं. त्या पातेल्याला स्वयंपाकघराचा उंबरा बंद होता. बाबा कठड्यावर अंडं टक टक करायचे, तळहाताखाली एकदा फिरवायचे आणि टरफल एका पट्टीत सुटून यायचं. आतून अंडं निघायचं ते तुळतुळीत, न्हाव्याकडून नुकत्याच उठलेल्या माणसासारखं. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून बाबा टिळक रस्ता ओलांडून पलीकडच्या कचराकुंडीत टाकून यायचे. इकडच्या कुंडीत टाकली तर वाड्यात कोणाची हे ओळखलं असतं.

बाबांच्या हातात कला आहे असं मी चाळीस वर्षं समजत होते.

आता मी उपायांना लागले. पाण्यात मीठ घातलं. व्हिनेगर घातलं, ते टरफलातला चुना खातं हे खरं, पण सुटून काही येत नाही, नुसता बुडबुड्यांचा देखावा. खायचा सोडा घातला, त्या दिवशी मुलाने डबा उघडून परत लावला. डब्यात अंडी आणि थोडं पाणी घालून जोरजोरात हलवायचं अशी एक युक्ती कोणीतरी दाखवली होती. त्याची कोशिंबीर झाली, वरून फोडणी घालायची तेवढी राहिली. कुकरला लावली, दोन शिट्ट्या केल्या, दोन अंडी आत फुटून बसली. मग जास्त शिजवली तर सुटतील या आशेने चांगली पंचवीस मिनिटं खदखदवली. सुटली नाहीत ती नाहीतच, वर बलकाभोवती हिरवट काळं कडं आलं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ते होतं, अपाय काही नाही. पण वास येतो. मुलाने विचारलं, "हे आजारी आहे का?"

आणि अंडी साधीसुधी नव्हती हो! कोथरूडला आमच्या कोपऱ्यावर मुळशीकडची एक बाई गावरान अंडी घेऊन बसते. "आज पहाटेची हायेत, ताई." अंड्याला अजून पेंढ्याची काडी चिकटलेली असते. सकाळची कोथिंबीर संध्याकाळी शिळी समजणाऱ्या घरात मी वाढलेली, दुप्पट पैसे मोजून तिच्याकडूनच घ्यायचे. टोपलीतून निघालेलं अंडं अर्ध्या तासात पातेल्यात. याहून ताजं हवं असेल तर कोंबडीलाच गॅसशेजारी बसवावं लागलं असतं.

शेवटी गेले ती कर्वे पुतळ्याच्या अलीकडे संध्याकाळी लागणाऱ्या अंड्यांच्या गाडीवर. खायला नाही, बघायला. गाडीवाला गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, अंड्याकडे न बघता सोलत होता. बोथट बाजूने एक टिचकी, थोडं दाबून फिरवणं, अंगठा आत, की टरफल गेलंच. मग दातात दोऱ्याचं टोक धरून अंडं मधोमध कापायचं, मीठ, लाल तिखट, कागदावर. मी चार अंडी संपेपर्यंत उभी राहिले. त्यालाच संशय आला. मी अडचण सांगितली. त्याने हातातलं काम थांबवलं, मला वाटतं त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

"आजची अंडी आजच उकडताय व्हय?"

"हो. अगदी ताजी."

"मग कशी सुटतील, ताई? आठवडाभर पडू द्या की. आन् गार पाण्यात नका ठिवू, पाणी खळाखळा उकळलं की मग सोडा." शेजारच्या भुर्जीवाल्याने मान हलवली. ही गोष्ट पुण्यात फक्त मलाच माहीत नव्हती तर.

त्यात देशभरातल्या अंड्यांचे शेकड्याचे भाव जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, १९८२ पासूनची, तिचं मुख्यालय याच पुण्यात. पंढरपुरात राहून टाळ धरता न येण्यातला प्रकार.

तरी शिळं अंडं चांगलं हे मनाला पटेना. म्हणून समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना विचारलं. ते रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून विद्यार्थ्याच्या शोधात आहेत. माझ्या हातात पाच किलोची आट्याची पिशवी होती, ती त्यांनी खाली ठेवू दिली नाही, कारण ते "एका मिनिटात" सांगणार होते. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, साडेसात-आठच्या आसपास. त्या अवस्थेत पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतं. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून दिवसागणिक हा वायू निघून जातो, पीएच नऊच्या वर चढतो आणि पकड सुटते. ओलावाही जातो, म्हणून बोथट बाजूची हवेची पोकळी मोठी होते, तिथून अंगठ्याला शिरकाव मिळतो. गार पाण्यापासून हळूहळू तापवलं तर पांढरं निवांतपणे पापुद्र्याला चिकटत जातं. एकदम उकळत्या पाण्यात सोडलं तर चिकटायच्या आत गोठतं. "आणि बरं का," काका म्हणाले, "पुणं साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यामुळे इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं." म्हणजे पुण्यातलं पाणीही कुठल्याच गोष्टीला शंभर टक्के मान्यता देत नाही. पिशवी मी डाव्या हातात घेतली.

आता गावरान अंडी फ्रिजमध्ये आठवडाभर पडून राहतात. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख, आणि ट्रेवर चिठ्ठी: "आठ दिवसांच्या आत हात लावू नये. विचारू नये." उकळत्या पाण्यात झाऱ्यावरून अलगद सोडते, अकरा-बारा मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात, आणि नळाखाली बोथट बाजूने. सहातली पाच तरी धड निघतात. सहावं मी खाते. कोणाला सांगत नाही.

परवा बाबा राहायला आले. एक्क्याऐंशी वय, हात थोडे थरथरतात. मी त्यांना कौतुकाने हा सगळा शोध सांगितला, पीएचसकट. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तरीच."

"तरीच काय?"

"तुझी आजी आळंदीला जायची ना, त्या दिवशी पिशवी घेऊन आलो असतो तर अख्ख्या वाड्याला कळलं असतं. मी आठ-दहा दिवस आधीच आणून गॅलरीत रॉकेलच्या डब्यामागे ठेवायचो. ती गेली की उकडायची."

"पण बाबा, आजी आळंदीला कधी जायची?"

बाबांनी चष्मा पुसायला घेतला. "वद्य एकादशीला," ते म्हणाले, "वारी असायची तिची."

आमच्यात थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग नातवासाठी एखादं सोलून दाखवतो म्हणून बाबा ओट्यापाशी गेले. टोपलीत नुकतीच आणलेली अंडी होती. एक उचलून त्यांनी उजेडात धरलं.

"हे कधीचं?"

"आज पहाटेचं."

त्यांनी ते हळूच टोपलीत परत ठेवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले. "थांब, बघतो एकादशी कधी आहे."