सोळाव्या वर्षापर्यंत कोण थांबतं?

एका लेखात म्हटलंय की अमेरिकेतले कृष्णवर्णीय आईबाप मुलाला सोळाव्या वर्षी गाडीचं लायसन्स मिळालं की पोलिसांसमोर कसं वागायचं ते समजावतात, तोच तो 'द टॉक'. अहो, सोळाव्या वर्षापर्यंत कोण थांबतं! क्लीव्हलंडचा टमीर राइस १२ वर्षांचा होता, २०१४ मध्ये पार्कात खेळण्यातली बंदूक घेऊन फिरत होता, पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांत गोळी. आम्ही अटलांटाजवळ राहतो, कृष्णवर्णीय शेजारणीचा मुलगा माझ्या लेकाबरोबर दुसरीत होता तेव्हाच तिचे नियम पक्के होते, दुकानात हात खिशात नाही, हूडी डोक्यावर नाही, साधं चॉकलेट घेतलं तरी पावती हातात, वॉटर गन फक्त मागच्या अंगणात. माझा पोरगा तीच घेऊन रस्ताभर हुंदडायचा आणि मला त्यात काहीच वाटायचं नाही, आता आठवलं की कसंतरी होतं.

आणि आपली मंडळी म्हणतात हा 'त्यांचा' प्रश्न (वर घरात पोरीला उन्हात जाऊ नको, काळी पडशील, हे चालूच). २०१५ मध्ये अलाबामात नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे गुजराती आजोबा सकाळी फिरायला निघाले, कुणीतरी फोन केला की कृष्णवर्णीय माणूस फिरतोय, पोलिसाने असं आपटलं की अर्धांगासारखी अवस्था झाली. माझे बाबा आले तेव्हा मी म्हटलं, पोलिसांनी थांबवलं तर फोन काढायला खिशात हात घालू नका, तर म्हणे मी काय चोर आहे का.