‘यावारी’ आणि लामाच्या शेणाचा फॉरवर्ड

पेरूमधल्या टिटिकाका सरोवरातल्या ‘यावारी’ या लोखंडी आगबोटीवरचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. नात्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरनेही तो ‘अवश्य वाचा’ म्हणून पुढे ढकलला, तेव्हा मात्र गप्प बसवेना. मेसेज म्हणतो: इंग्रजांनी लामांच्या पाठीवरून ही आगबोट सहा महिन्यांत अँडीजवर चढवली, दीडशे वर्षे ती त्याच वाफेच्या इंजिनावर, लामाच्या शेणावर अखंड चालते आहे, म्हणजे शेण कोळशापेक्षा सरस.

आधी किरकोळ गोष्टी. बोट इंग्रजांनी स्वतःहून नेलेली नाही, ती पेरू सरकारची ऑर्डर होती. इंग्लंडमध्ये तयार झालेले सुटे भाग १८६२ साली आरिका बंदरात उतरले, तिथून ताक्नापर्यंत रेल्वेने गेले आणि पुढे खेचरांवर. एका भागाचे वजन खेचराला पेलेल इतके, जास्तीत जास्त १८० किलोच्या आसपास, ठेवले होते. लामा पंचवीस-तीस किलोपुढे नेत नाही, जास्त लादले की सरळ बसकण मारतो. सहा महिने हा ठरवलेला अवधी होता, लागली सहा वर्षे. १ जानेवारी १८६९ रोजी कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, मांडली गेली आणि १८७० च्या नाताळात बोट पाण्यात उतरली. जहाज विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्या यावारी प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या इतिहासात हे सगळे आहे, कोणालाही वाचता येते.

आता शेण. सुकवलेले लामाचे शेण, तिथल्या बोलीत ‘ताकिया’, बॉयलरखाली जाळले जाई हे खरे आहे, तेवढे मान्य करावेच लागेल. त्या पठारावर झाडे नाहीत आणि कोळसा समुद्रमार्गे आणून डोंगर चढवायचा म्हणजे खर्चाने कंबरडे मोडायचे. शिवाय लामांचा कळप ठरलेल्या एकाच जागी शेण टाकतो, त्यामुळे गोळा करणे सोपे. ताकिया वापरली ती नाइलाजाने.

ती सरस होती का? वाळलेले शेण किलोमागे कोळशाच्या जेमतेम निम्मी उष्णता देते, आणि गोवऱ्यांसारखेच हलके आणि फोफसे असते. तेवढ्याच वाफेसाठी कोठाराला तिप्पट-चौपट जागा लागते. राख भरमसाट पडते, भट्टीतल्या जाळीच्या फटी बुजतात, खालून हवा शिरत नाही. आगवाल्याला फावड्याइतकेच हात राख ओढण्यासाठी चालवावे लागतात. त्यात सरोवर ३,८०० मीटर उंचीवर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश इतकी विरळ, म्हणजे धुराड्याची ओढही कमी. बुजलेली जाळी आणि विरळ हवा एकत्र आली की आग धुमसत राहते आणि वाफेचा दाब पडतो.

याचा पुरावा खुद्द जहाजाच्या अंगावर आहे. १८९० च्या दशकात ‘यावारी’ मधोमध कापली आणि सुमारे १२ मीटर लांबीचा नवा भाग जोडला. शेण कोठारात मावल्यावर मालाला जागाच उरत नव्हती, म्हणून हा उपद्व्याप. इंधन सरस असते तर त्याच्यासाठी बोट कोणी कापली असती?

‘तेच इंजिन’ हे तर तारे तोडणे झाले. १९१४ साली बॉयलर आणि वाफेचे इंजिन काढून स्वीडनचे चार सिलिंडरचे, ३२० अश्वशक्तीचे बोलिंडर कंपनीचे इंजिन बसवले. ते तेलावर चालते. सुरू करताना प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा ब्लोलॅम्पने लालसर होईपर्यंत तापवायचा, मग दाबलेल्या हवेने चाक फिरवायचे. तेलाचा फवारा त्या तापल्या गोळ्यावर पडून पेटला की ब्लोलॅम्प विझवायचा, पुढे ज्वलनाच्या उष्णतेनेच गोळा गरम राहतो. गोळा पुरेसा तापला नसेल तर तेल न जळता नुसता पांढरा धूर येतो. या इंजिनात शेण घालणार कुठे? त्याला भट्टीच नाही. थोडक्यात, शेणाचा काळ १८७१ च्या पहिल्या फेरीपासून फार तर ४३ वर्षांचा.

‘अखंड’ही नाही. १९८७ साली ती विकत घेतली गेली, त्याआधी कितीतरी वर्षे ती नुसती पडून होती.

सांगाडा टिकला त्यात मात्र नवल आहे, पण त्याची कारणे वेगळी. घडीव लोखंडात धातुमळीचे बारीक धागे असतात, ते गंजाला आत सहज शिरू देत नाहीत. आणि टिटिकाकाच्या लिटरभर पाण्यात मीठ साधारण १ ग्रॅम, समुद्राच्या पाण्यात ३५.