स्टेंट बसला म्हणजे आजार गेला नाही

"अँजिओप्लास्टी झाली की ब्लॉकेज कायमचं जातं. सहा महिन्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करा, लसूण-आलं-लिंबाचा काढा घ्या आणि वर्षभर पूर्ण विश्रांती." नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मजकूर पुन्हा आलाय. नानांना स्टेंट बसल्यापासून यातलं प्रत्येक वाक्य आम्हाला कुणी ना कुणी ऐकवलंय.

ब्लॉकेज कायमचं जात नाही. स्टेंट ही अँजिओप्लास्टीत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली धातूची बारीक जाळी. ती अरुंद झालेली तेवढी जागा उघडी धरते. चरबीचे थर साचण्याचा आजार इतर रक्तवाहिन्यांतही असतो आणि तंबाखू, मिश्री, शुगर, बीपी तसंच राहिलं तर वाढतच जातो. म्हणून तर कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं तरी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी चालू ठेवतात.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला सगळ्यात घातक. जाळीवर आतून शरीराचं अस्तर चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते. ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर देतात ते यासाठीच. ही दुसरी गोळी हार्ट अटॅकनंतर साधारण १२ महिने, अटॅक नसेल तर बहुधा ६ महिने, रक्तस्रावाचा धोका असेल तर त्याहून कमी. प्रत्येकाचा हिशेब वेगळा आणि तो हृदयाच्या डॉक्टरांनीच करायचा. मध्येच सोडली तर स्टेंट अचानक बंद होऊन जीव जाऊ शकतो. नानांनी दात काढायचा म्हणून दोन दिवस दोन्ही गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. नशिबानं निभावलं. डिस्चार्जच्या दिवशी हातात इंग्रजी कागद पडला होता आणि समजावणं दोन मिनिटांत उरकलं होतं. "दात काढण्याआधी आम्हाला फोन करा," एवढं मराठीत कुणी लिहून दिलं असतं तर!

लसूण भाजीत खुशाल घाला. काढ्यानं ब्लॉकेज विरघळत नाही.

विश्रांतीचं म्हणाल, तर मनगटाच्या रक्तवाहिनीतून अँजिओप्लास्टी झाली असेल तर त्या हातानं काही दिवस जड उचलायचं नाही, एवढं खरं. चालणं मात्र डॉक्टरांना विचारून लवकर सुरू करायचं आणि हळूहळू वाढवायचं. आम्ही मायेपोटी नानांना दोन महिने पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही. त्यांचे पाय बारीक झाले, भीती मात्र वाढली.

आणि छातीत पुन्हा दाबल्यासारखं झालं तर काय करायचं, हे त्या मजकुरात कुठेच नाही. खाली बसायचं, डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवायची, पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ ला फोन. आमच्या फ्रिजवर हे आता मोठ्या मराठी अक्षरांत लावलंय, शेजारी गोळ्यांच्या वेळा.