गोष्ट पुढे सरकवू नका

काल रात्री शेजारच्या खळ्यात चादर बांधून प्रोजेक्टरवर 'डेड ऑफ नाइट' हा भुताच्या गोष्टींचा सिनेमा लावला होता. मे महिना, घरभर चाकरमानी, पोरंटोरं चटईवर. थोडा वेळ झाला नाही तोच कोणीतरी ओरडलं, "भूत खंय आसा रे ह्येच्यात? फुडे सरकव!" आणि सरकवला! ख्रिसमसच्या पार्टीतली लपाछपीची गोष्ट गेली, गोल्फची गेली. शेवटी सगळ्यांचं एकच, "काय्येक कळूक नाय." कळणार कसं? सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

विक्रम-वेताळ ऐकतच वाढलो ना आपण? वेताळ दर वेळी पुन्हा झाडाला लटकतो, म्हणून शेवटच्या गोष्टीला राजा गप्प राहतो तेव्हा अंगावर काटा येतो. आधीचं सगळं गाळलं तर त्या गप्प राहण्यात काय उरतं? १९४५चा हा ब्रिटिश सिनेमा तसाच बांधलाय. एक आर्किटेक्ट खेड्यातल्या घरी येतो, तिथली सगळी माणसं त्याने आधीच स्वप्नात पाहिलेली. एकेक जण आपला अनुभव सांगतो. अशा पाच गोष्टी, आणि शेवटी त्या एकमेकींत घुसतात. अमेरिकेत तो पहिल्यांदा लागला तेव्हा नेमक्या ह्याच दोन गोष्टी, लपाछपीची आणि गोल्फची, कापल्या होत्या, आणि तिथल्या लोकांनाही शेवटाचा पत्ता लागला नव्हता. काल आपल्या खळ्यात तेच झालं.

गोल्फची गोष्ट कच्ची आहे, मान्य. पण ती ठेवलीय कुठे बघा! बोलक्या बाहुल्याच्या बरोब्बर आधी. दशावतारात संकासुर हसवून घेतो, माणसं सैल बसतात, मग आख्यान चढतं. इथेही हसून सैल झालेल्या माणसासमोर मायकेल रेडग्रेव्हच्या हातातला बाहुला, ह्यूगो, येतो. हसण्याची ती पाच-दहा मिनिटं गाळलीत की ह्यूगो नुसता लाकडाचा बाहुला.

कापाकापीचा हा रोग जुनाच. कोबायाशींच्या 'क्वाइदान' ह्या जपानी भूतकथांच्या सिनेमामधून अमेरिकेत हिमस्त्रीची गोष्ट काढली, म्हणजे आकाशात रंगवलेले ते डोळेच गेले. मारियो बाव्हाच्या 'ब्लॅक सॅबथ'चा (१९६३) क्रम तिथे बदलला. मूळ इटालियन प्रतीत 'पाण्याचा थेंब' शेवटी आहे: नर्स मेलेल्या बाईच्या बोटातली अंगठी काढते, आणि घरी आल्यावर नळ ठिबकायला लागतो. पावसाळ्यात पावळीचं पाणी ऐकत झोपणाऱ्यांनी ही गोष्ट शेवटीच बघावी, त्यानंतर दुसरं काही नको. आपल्याकडे सत्यजित राय यांच्या 'तीन कन्या'मधली (१९६१) 'मणिहारा' परदेशात गेलीच नाही, सबटायटल्स वेळेत झाली नाहीत म्हणून. तिकडे सिनेमा दोनच कन्यांचा झाला. दागिन्यांचा सोस असलेल्या बाईची ती गोष्ट बघा. त्यातला बांगड्यांचा हात विसरता येत नाही.

म्हणून लावायच्या आधी लांबी तपासा. 'क्वाइदान' तीन तासांच्या वर हवा, 'डेड ऑफ नाइट' शंभर मिनिटांच्या वर. सव्वा तासाची प्रत दिसली तर सोडून द्या.

आणि काल पडवीतली ट्यूब चालू होती! कृष्णधवल सिनेमा, काळ्या जागी सगळं राखाडी. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, उजेड नसेल तिथेच काळं दिसतं. बाहेरचे सगळे दिवे बंद करा. खारा वारा सुटला की चादर फुगते आणि चेहरे वाकडे होतात. खालच्या शिवणीत बांबू घाला, दोन्ही टोकं दगडाला बांधा. घरी टीव्हीवर बघत असाल तर 'व्हिव्हिड' मोड काढा आणि मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. पत्र्याखाली, पावसात, हेडफोनशिवाय 'क्वाइदान' लावू नका. त्यात शांतताच अर्धं काम करते.

ज्यांना एका बैठकीत तीन तास जमत नाहीत (खरंच जमत नाहीत काहींना, काल ओरडलो ते जरा जास्तच झालं), त्यांनी मालिका घ्याव्यात. 'द ट्वायलाइट झोन' १९५९ ते १९६४, १५६ भाग. चौथ्या सीझनचे भाग तासाभराचे आणि सैल आहेत, ते शेवटी ठेवा. 'इनसाइड नंबर ९' अर्ध्या अर्ध्या तासाचे. त्यातला 'द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिस्टीन' एकट्याने बघा. डेल तोरोच्या 'कॅबिनेट ऑफ क्युरिऑसिटीज'चे आठ भाग आहेत, त्यातला 'द ऑटॉप्सी' आधी, जेवण झाल्यावर लगेच नको. रात्रीला दोनच भाग, ऑटोप्ले बंद. इथे क्रम मोडला तरी चालतं, कारण गोष्टींना बांधणारी दोरी नाही. २०२०च्या 'घोस्ट स्टोरीज' ह्या हिंदी सिनेमालाही ती नाही. घाईत असाल तर त्यातली दिबाकर बॅनर्जींची तिसरी गोष्ट तेवढी बघा. हे लिहिताना जिवावर येतंय, पण खरं आहे.

कालचं एक राहिलंच. शेवट चालू असताना मोठे सगळे मोबाइलमध्ये, आणि चटईवरची सात-आठ वर्षांची एक पोर पडद्याकडे बोट दाखवून विचारत होती, "ही लपाछपी खेळणारी पोरां खंयसून इली?" कोणालाच सांगता आलं नाही. तिची ती गोष्ट दुसऱ्या नंबरवर आहे. आज चादर अजून तशीच बांधलेली आहे. ट्यूब बंद करा आणि तिला पहिल्यापासून लावून द्या.