तारखा जुळतात तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एकाच तारखेला घडलेल्या घटनांवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला, दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुमचे आक्षेप दोन. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस २३ एप्रिल १६१६ ला एकाच दिवशी गेले, हे मी लिहिलं ते चूक. आणि दुसरा, 'एकाच तारखेच्या अजब घटना' हा प्रकारच पोरखेळ. दिवस ३६५, घटना लाखो, जुळणारच की!

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. किंबहुना चूक तुम्ही म्हणता त्याहून मोठी आहे. स्पेनमध्ये तेव्हा आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर होतं, इंग्लंड जुन्या ज्युलियनवरच अडून बसलेलं. इंग्लंडचा २३ एप्रिल म्हणजे स्पेनचा ३ मे. त्यात सर्व्हांतेस गेले २२ ला, २३ ला त्यांचं दफन झालं. म्हणजे दोघांच्या जाण्यात ११ दिवसांचं अंतर. मी जुनी टिपणं न तपासता उतरवली, दुसरं काय!

दुसऱ्या आक्षेपातलं गणितही कबूल. २३ माणसं जमली की त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. १५ जानेवारीचंच घ्या. १९१९ मध्ये त्या दिवशी बॉस्टनमध्ये ५० फूट उंच टाकी फुटली आणि रस्त्यातून मळीची लाट धावली. २१ माणसं मेली. टाकी आधीपासून गळत होती, आसपासची पोरं डबे घेऊन ती मळी भरून न्यायची. मालकांनी काय केलं, तर गळती दिसू नये म्हणून टाकीला तपकिरी रंग फासला. बरोबर ९० वर्षांनी, २००९ च्या १५ जानेवारीला, न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरलं आणि १५५ च्या १५५ जण वाचले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तारीख इथे नुसती खुंटी आहे. पण त्या खुंटीमुळे मळीची गोष्ट सांगायला मिळाली, याबद्दल मी माफी मागणार नाही.

४ जुलै मात्र मी या गठ्ठ्यात टाकू देणार नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ५० वर्षं झाली त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ ला, तिथले दोन माजी राष्ट्राध्यक्ष गेले, जेफरसन दुपारी आणि ॲडम्स संध्याकाळी. एक व्हर्जिनियात, एक मॅसॅच्युसेट्समध्ये. एकाची बातमी दुसऱ्याला कळायला मार्गच नव्हता. जेफरसन आदल्या रात्री ग्लानीत विचारत होते, चार तारीख लागली का? पुढे १८३१ मध्ये आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष, मन्रो, तेही ४ जुलैलाच गेले. चौथे एक माजी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन १८३६ च्या जूनअखेरीस अंथरुणाला खिळलेले असताना, औषधं देऊन चार तारखेपर्यंत तग धरवू, असं त्यांना सुचवलं गेलं आणि त्यांनी ते नाकारलं, असं सांगतात. ते २८ जूनला गेले. इथे माणसांना तारीख ठाऊक होती, तिची वाट पाहिली जात होती. जन्मतारखा जुळणं आणि हे, दोन्ही एकाच तराजूत कसं घालायचं?

२३ एप्रिलचा परिच्छेद आज काढतो आहे. त्या जागी आव्हिलाची संत तेरेसा येईल. ती १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या रात्री वारली. ज्युलियन जाऊन ग्रेगोरियन कॅलेंडर नेमकं त्याच रात्री आलं, त्यामुळे स्पेनमध्ये सकाळ उजाडली ती १५ ऑक्टोबरची. ही तारीख मी तपासली आहे, तुम्हीही तपासा.