दोन प्रयोगशाळा, दोन रिपोर्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

भांडुपहून लिहिणाऱ्या वाचकांस, सप्रेम नमस्कार.

न्यूमोनियात थुंकीची तपासणी का करावी, यावरच्या माझ्या लेखाचा आपण कडक शब्दांत समाचार घेतला आहे. आपल्या आईंच्या आजारपणात घराजवळच्या प्रयोगशाळेने कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) ‘नॉर्मल फ्लोरा’, म्हणजे तोंडा-घशात नेहमीच असणारे जंतू, सांगितले, आणि रुग्णालयात दाखल केल्यावर चौथ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात दुसऱ्या प्रयोगशाळेला ‘क्लेब्सिएला’ हा न्यूमोनिया करू शकणारा जंतू सापडला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक तर पहिल्याच दिवशी सुरू केले होते, आणि क्षयाचा जो रिपोर्ट दोन तासांत मिळतो असे मी लिहिले होते, तो तीन दिवसांनी हाती आला. यावरून पहिल्या प्रयोगशाळेने पैसे घेऊन खोटा रिपोर्ट दिला, ही तपासणीच निरुपयोगी आहे आणि रक्ताच्या एका तपासणीत हे सारे उरकले असते, असे आपले म्हणणे आहे.

दोन तासांबाबतची चूक माझी आहे. क्षयाचा जंतू शोधणाऱ्या जीनएक्स्पर्टच्या यंत्रात नमुन्याचे कार्ट्रिज बसवल्यापासून उत्तर यायला दोन तासही लागत नाहीत, हे खरे. परंतु थुंकीची डबी तेथवर पोहोचणे, तिची नोंद होणे, आधीच्या नमुन्यांची रांग आणि मध्ये आलेला रविवार हा हिशोब मी दिलाच नव्हता. रुग्णाच्या घरच्यांचे घड्याळ डबी हातातून दिली तेव्हापासून चालू होते. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

दोन रिपोर्टांविषयी मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. आपण दुसरा खरा धरून पहिल्याला खोटे ठरवता. मला दोन्हींवर भरवसा ठेवणे कठीण वाटते, आणि त्यात कोणी लबाडी केली असेलच असे नाही. आपणच लिहिले आहे की आईंनी संध्याकाळी खाकरून जे आले ते डबीत दिले आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना आपण ती डबी प्रयोगशाळेत ठेवली. मे महिन्यातली मुंबईची रात्र ती डबी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती. न्यूमोनियाचे सर्वांत परिचित कारण असलेला न्यूमोकॉकस हा नाजूक जंतू आहे. स्वतःच्याच विकरांनी तो फुटून विरघळतो. तोंडातले चिवट जंतू मात्र उकाड्यात रात्रभर वाढत राहतात. म्हणूनच असा नमुना दोन तासांत पोहोचवावा, आणि ते जमणारच नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावा, असे सांगितले जाते. सकाळी त्या डबीत जे उरले होते, त्यावरून फुप्फुसात काय चालले आहे हे कोणालाच सांगता आले नसते.

शिवाय ती बेडक्याची डबी होती की लाळेची, हाही प्रश्न आहेच. मी पालिकेच्या एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात अनेक वर्षे काम केले. कल्चर लावण्याआधी आम्ही नमुन्याची स्लाइड ग्राम पद्धतीने रंगवून प्रथम कमी शक्तीच्या भिंगाखाली धरत असू. लाळ असेल तर मोठ्या, चपट्या, कडा दुमडलेल्या पेशी पसरलेल्या दिसतात आणि त्यांवर नाना प्रकारचे जंतू चिकटलेले असतात. खोल खोकून आलेला बेडका असेल तर पू-पेशींची दाटी दिसते आणि नशीब असेल तर त्यांच्यामध्ये भाल्याच्या टोकासारखे जोडीजोडीने बसलेले जांभळे गोलाणू. भिंगाच्या एका क्षेत्रात चपट्या पेशी १० पेक्षा कमी आणि पू-पेशी २५ पेक्षा जास्त असाव्यात, असा एक रूढ दंडक आहे. (क्षयाच्या तपासणीसाठी मात्र या दंडकावर नमुना नाकारत नाहीत.) हान्स क्रिस्टियान ग्राम यांनी १८८४ साली ही पद्धत प्रसिद्ध केली ती न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांत जंतू दिसावेत म्हणूनच, पण त्यांच्यासमोर प्रत्यक्ष फुप्फुसाचे काप होते, आणि आपल्यासमोर येतो तो घसा व तोंड ओलांडून आलेला नमुना.

पहिल्या प्रयोगशाळेला माझ्या लेखी दोष द्यायचा तर तो इथे आहे. त्यांनी डबी परत करून ‘सकाळी साध्या पाण्याने चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन खोकून द्या’ असे सांगायला हवे होते. नमुना नाकारला की नातेवाईक चिडतात, हे मी पुष्कळ अनुभवले आहे, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही धास्ती खासगी प्रयोगशाळेला असतेच. मीही कधीकधी वाद नको म्हणून डबी ठेवून घेतली आहे.

आता क्लेब्सिएला. मॅकॉन्की आगर या जंतू वाढवण्याच्या माध्यमावर त्याच्या गुलाबी, बुळबुळीत वसाहती ठसठशीत दिसतात, आणि तारेचे कडे लावून उचलले तर कधीकधी तंतू ओढला जातो. तो ओळखण्यात चूक सहसा होत नाही. पण तो नमुना रुग्णालयातील चौथ्या दिवसाचा, इंजेक्शने चालू असतानाचा आहे. अँटिबायोटिकने घशातले नेहमीचे रहिवासी मेले की त्यांच्या जागी असे दांडाणू येऊन बसतात. तो आजाराचे कारण होता की नंतर आलेला भाडेकरू, हे केवळ त्या कल्चरवरून ठरत नाही. आई त्याआधीच उतारास लागल्या होत्या, ही आपण दिलेली माहिती मला अधिक महत्त्वाची वाटते.

डॉक्टरांनी रिपोर्टाची वाट पाहिली नाही, हे योग्यच केले. थांबा असे मी लिहिले नव्हते. पहिल्या डोसाआधी नमुना घ्या, एवढेच लिहिले होते. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, न्यूमोनियामुळे दाखल झालेल्या २,२०० हून अधिक प्रौढांची कसोशीने तपासणी करूनही ३८ टक्क्यांतच कारण असलेला जंतू वा विषाणू सापडला. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे : लेवोफ्लॉक्सासिनसारखे अँटिबायोटिक क्षयाच्या जंतूलाही काही काळ दाबते, रुग्णाला बरे वाटते आणि खरे निदान लांबते. म्हणून क्षयाची शंका असेल तर डबी आधी आणि ती गोळी नंतर, हा क्रम मी पुन्हा सांगेन.

रक्ताच्या तपासणीविषयी थोडक्यात. क्षयाच्या निदानासाठी रक्तातली प्रतिद्रव्ये पाहणाऱ्या तपासण्यांवर भारत सरकारने २०१२ साली बंदी घातली, कारण त्या निरोग्याला क्षयी आणि क्षयीला निरोगी ठरवत होत्या. न्यूमोनियात रक्ताचे कल्चर उपयोगाचे असते, पण तेही अँटिबायोटिकआधी घ्यावे लागते, आणि जंतू रक्तात उतरलाच नसेल तर तेही रिकामे येते.

एक विनंती आहे. आपण पहिल्या रिपोर्टाचा फक्त शेवटचा परिच्छेद पाठवला आहे. त्याच्या वर ‘ग्राम स्टेन’ अशा मथळ्याखाली पू-पेशी आणि एपिथेलियल (म्हणजे वर सांगितलेल्या चपट्या) पेशी किती दिसल्या याची एक ओळ आहे का, ते पाहून कळवावे. ती ओळ असेल तर डबीत काय होते, याबद्दल माझ्या अंदाजाऐवजी तिच्यावर बोलता येईल. आणि ती नसेल, तर त्या प्रयोगशाळेला जाब विचारण्यात मी आपल्या बाजूने आहे.